सुईची मारबत

"वर कर."

दिवाणजी असा म्हणला. माह्या बापाले. तलावाच्या पाळीवर, भर दिवसा, सगळ्या ढिवरपुऱ्यासमोर.

बापाले समजलं होतं. पण न समजल्यासारखं त्यानं दाखवलं. गरीब माणसाजवळ तेवढीच एक हुशारी असते. त्यानं खांद्यावरचं जाळं वर उचललं.

"जाळं नाही बे. धोतर."

लोकं हासले. हासणारे आमचेच होते, मच्छी मारणारेच होते, हे आधीच सांगून टाकतो. ज्याची पाळी होऊन गेली होती तो जास्त हासत होता.

आणीबाणी चालू होती. नाकाडोंगरीच्या बाजारात जीप यायची अन् माणसं भरून न्यायची. आमच्या गावात जीपची गरज नव्हती. आमच्याकडं भाऊसाहेब होते. जुन्या मालगुजाराचे नातू, गावचे सरपंच. मालगुजारी गेली तवाच तलाव सरकारचा झाला म्हणतात. पण त्यात जाळं कोण टाकन, कोण नाही, हे भाऊसाहेबच ठरवत. त्यायनं हुकूम काढला : ज्यानं नसबंदी केली, तोच मासोळी धरन. आमी ढिवर. आमची शेती म्हणजे ते पाणीच. जाळं नाही तं चुलीवर काय ठेवायचं?

बापानं नसबंदी केली होती. माह्या बापाले बायकोच नव्हती. माय मरून जमाना झाला होता. दवाखान्याच्या नर्सबाईले त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "बाई, मी रंडवा माणूस जी. माह्यापासून कोणाले पोरं होतात?" बाईनं त्याले चहा पाजला अन् म्हणाली, "बाबा, बायको नसली तरी चालते. मले माणूस पाहिजे." बाप गेला. कापून आला. त्याचा जो कागद भेटला तो डोंग्यात पाणी शिरलं तवा भिजला, अक्षरं वाहून गेली. म्हणून हा तमाशा. कागद नाही तं टाके दाखव.

बापानं धोतर वर केलं.

भाऊसाहेबाच्या दिवाणजीनं कंबरेत वाकून पाह्यलं, बाजारात बैलाचे दात पाहातात तसं. "हाव, आहेत," म्हणला. "जाय, टाक जाळं." भाऊसाहेब बाजूले खुर्ची टाकून भुईमुगाच्या शेंगा खात होते. त्यायनं मान वर करून पाह्यलंही नाही. टरफलं पाळीवर पडत होते.

मी कुठी होतो? तिथंच. त्या जाळ्याचं दुसरं टोक माह्या हातात होतं. मॅट्रिक पास, चिखल्याच्या खाणीवर ट्रकात मँगनीज भरायचो, सुट्टीचा दिवस म्हणून बापासंग आलो होतो. दंडात ताकद होती, तोंडात आवाज होता. साऱ्या पुऱ्यात माह्यासारखा आवाज कोणाचा नव्हता. तो आवाज त्या दिवशी निघाला नाही. मी पाण्याकडं पाहात राह्यलो.

त्याच्यानंतर बापानं एक गोष्ट केली. आमचे लोकं पाण्यात उतरताना धोतर मांडीपर्यंत खोचून घेतात, नाही तं ते पायात गुंडाळते अन् माणूस पडते. बापानं खोचणं सोडून दिलं. घोट्यापर्यंत धोतर सोडून तो पाण्यात उतरे. पडे. उठे. चिखलात माखे. कोणी म्हणे, "काहून गा असा करतं?" तं म्हणे, "थंडी वाजते." उन्हाळ्यातही त्याले थंडीच वाजे.

मंग इलेक्शन आलं.

तुमसरचे एक वकीलसाहेब आमच्या पुऱ्यात सभेले आले. आमच्या पुऱ्यात! तोवर नेते लोकं वरच्या गावात चहा घेऊन परत जायचे. वकीलसाहेब समाजमंदिराच्या ओट्यावर उभे राह्यले अन् माह्या बापाचं नाव घेऊन म्हणाले, "या म्हाताऱ्याचं धोतर नाही उचललं त्यांनी. आपल्या सर्वांचं उचललं." मले रडूच फुटलं. जे मी सहा महिने गिळून बसलो होतो ते त्या माणसानं माइकवर सांगून टाकलं. बाप मात्र सभेतून उठून गेला. मले वाटलं, त्याले भरून आलं असंन.

त्या दिवसापासून मी वकीलसाहेबाचा माणूस झालो. भिंती रंगवल्या, सायकलले भोंगा बांधून गावोगाव फिरलो. निघाला माहा आवाज! दिल्लीचं सरकार पडलं तवा मी भाऊसाहेबाच्या दारासमोर फटाके फोडले. ते खिडकीत उभे होते. मी नजर खाली केली नाही. जिंदगीत पह्यल्यांदा. तो दिवस मी आजही खोटा म्हणणार नाही. तो खराच होता.

बिघडलं ते पुढं.

वकीलसाहेब सांगत, "सरकार बदललं, नोकर तेच आहेत. आता कापणार नाहीत, टोचतील. गरोदर बाईच्या दंडात सुई, की झालं. पोरं बंद." मी मॅट्रिक शिकलेला. मले ते सोळा आणे पटलं नव्हतं. धनुर्वाताची सुई वेगळी असते हे पुस्तकात वाचल्यासारखं आठवत होतं. पण ते बोललं की पुरा पुरा पेटून उठे. अन् पेटलेला पुरा मले पाहिजे होता. मंग खरंखोटं कोण पुसते?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडं मारबत निघते. बांबू, धानाची तणीस अन् चिंध्यायची बाई करायची, गावातली सारी पिडा तिच्या माथी मारायची, ओरडत ओरडत शिवेबाहेर न्यायची अन् जाळून टाकायची. "खासी, खोकला, रायरोग घेऊन जा गे मारबत!" लहानपणापासून मी ओरडत आलो. त्या साली मारबत मी केली. तिले पांढरं लुगडं नेसवलं. डोक्यावर कागदाची टोपी. हातात बांबूची, हातभर लांब सुई.

"सुई-दवाई घेऊन जा गे मारबत!"

काय जोर होता त्या दिवशी! वरच्या गावातले पोट्टे, खालच्या पुऱ्यातले पोट्टे, पह्यल्यांदा एका आवाजात. दवाखान्यासमोर मी मुद्दाम थांबवली. नर्सबाई दारात उभी होती. साकोलीकडची बाई, नवरा दूर नोकरीवर, एकटीच राहे. कोणीतरी शेण फेकलं. तिनं पदरानं गाल पुसला, आमच्याकडं एकदा पाह्यलं अन् दार हळूच लोटून घेतलं. खोटं कायले बोलू, मले लय मजा आली. शिवेवर मारबत जळताना मी नाचलो.

रोगाले हाकलायची आमची रीत. आमी दवाईले हाकललं, अन् रोग गावातच ठेवला.

बाईची सायकल आली की पुऱ्यात दारं लागत. ती दोन-चार दारं ठोठावे अन् परत जाये. मी ओट्यावर बसून पाहो.

धान कापून झाले तवा माही बहीण यमू पह्यल्या बाळंतपणासाठी घरी आली. माह्याहून लहान. माय मेली तवा मी तिले खांद्यावर घेऊन फिरलो होतो. ती आल्याचं नर्सबाईले कसं समजलं कोणास ठाऊक, पण दुसऱ्याच दिवशी ती आमच्या दारात. पायीच आली होती, हातात सुईच्या दवाईचा थर्मास.

"भाऊ, बहिणीले धनुर्वाताची सुई देऊन टाकते. एक आता, एक महिन्यानं."

मी दार अडवून उभा राह्यलो. "बापाचे टाके पाहून पोट नाही भरलं का? आता बहिणीचा दंड पाहाले आली?"

बाईचा चेहरा उतरला. "तुमच्या बापासंग जे झालं ते वाईट झालं. मीच नेलं होतं. माणसं कमी भरली म्हणून माहा पगार अडवला होता सायबायनं. पण हे ते नाही जी."

"सगळं तेच आहे."

बाप आत जाळं विणत बसला होता. तो कधी मधात बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी बोलला. "घेऊ दे बाबू तिले. माह्यासंग झालं ते माह्यासंग झालं. पोरीचा काय गुन्हा?"

पुढं माह्या तोंडातून जे निघालं ते असं होतं. शब्दाले शब्द सांगतो.

"तू चूप राह्य. धोतर वर करणाऱ्यानं घरात बोलू नये."

बापाचा हात थांबला. सुताची गाठ अर्धी मारलेली होती. मंग त्यानं ती पुरी केली अन् दुसरी घेतली. वर पाह्यलं नाही. दिवाणजीनं त्याले एकदा उघडं केलं होतं, पाळीवर. मी घरात केलं, त्याच्या पोरीसमोर, अन् ज्या बाईनं त्याले नेलं होतं तिच्यासमोर.

नर्सबाई मागं फिरली. मी दार लावायले वळलो तं यमू दाराच्या मागंच उभी होती. तिनं दंडावरची बाही आधीच वर सरकवून ठेवली होती. मी ते पाह्यलं. पाहूनही कडी घातली.

पोरगा झाला. गोरा, माह्या बापासारख्या रुंद कपाळाचा. सुईणीनं घरच्या विळ्यानं नाळ कापली, वरून गोवरीची राख लावली. आमच्याकडं तशीच लावत. हप्ताभर चांगला प्याला. मंग एका सकाळी यमू म्हणाली, "दादा, हा तोंडच उघडत नाही." तिनं बोटानं दूध लावून पाह्यलं. जबडा घट्ट. जरा आवाज झाला, कोणी भांडं ठेवलं, की पोरगा धनुष्यासारखा वाकडा होये अन् त्याच्या तोंडावर हासल्यासारखं काहीतरी येये. ते हासणं नव्हतं. शेजारच्या बाया म्हणल्या हवा लागली, उतारा टाका. मी पोराले गुंडाळलं, यमूले घेतलं अन् तुमसरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरनं लाइट बंद करायले लावला. यमूले विचारलं, "दिवस असताना सुई घेतली होती का बाई?"

तिनं फक्त माह्याकडं पाह्यलं. माह्या आवाजाची सारी ताकद त्या वक्ती कुठं गेली होती? पाळीवर गेली होती तिथंच.

संध्याकाळच्या आधी पोरगा गेला. अजून नावही ठेवलं नव्हतं.

यमूले दवाखान्याच्या पायरीवर बसवून मी वकीलसाहेबाच्या घरी धावलो. गाव दूर, तिच्या मांडीवर मेलेलं लेकरू. त्यायचा भोंगा मीच तं सायकलवर वाजवत फिरलो होतो. वाटलं, त्यायची जीप मागू. वरांड्यात त्यायची सून बसली होती. पोटुशी. बाही वर केलेली. अन् सरकारी दवाखान्यातली नर्स तिच्या दंडावर कापूस दाबून उभी होती.

मी पाहातच राह्यलो. वकीलसाहेब बाहेर आले. माही नजर कुठं आहे ते त्यायले समजलं. जरा हासले.

"अरे, ते भाषण होतं. हे घर आहे."

मी म्हणलो, "साहेब, आमचं पण घरच होतं."

"काय झालं?" ते म्हणाले. मी सांगितलं. त्यायनं जिभेनं चकचक केलं. जीप बैठकीले गेली होती. पायरीवर मले पाणी विचारलं, तेही गड्याकरवी.

आमी यष्टीनं परत आलो. यमूनं लेकरू पदराखाली असं धरलं की जसं पिऊन राह्यलं. कंडक्टर म्हणला, "झोपला वाटते बाळ." यमू म्हणाली, "हो."

पाळीच्या मागं बापानं खड्डा खोदला. माह्या हातात फावडं दिलं नाही. बोलला काहीच नाही. एक शब्द बोलला असता, शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तं मी सुटलो असतो. त्यानं मले सोडवलं नाही.

अन् गाव? गावानं तं मले मर्द म्हणलं! मी चारचौघात सांगितलं, "सुई घेतली असती तं पोरगा जगला असता. मी घेऊ देलं नाही." लोकं म्हणाले, "नाही गा, देवाची मर्जी. तू बराबर केलं. आपल्या इज्जतीचा सवाल होता." पाठीवर थापा मारल्या. पुढच्या पोळ्याले पोट्टे बोलवायले आले, चाल दादा, तुह्याबिगर मारबतीले मजा नाही. मी दारात उभा राहून म्हणलो, "माह्या तोंडून आता ते निघणार नाही." त्यायले वाटलं, माहा घसा बसला.

त्याच दिवशी मी दवाखान्यात गेलो. नर्सबाई सायकल उलटी करून चाकाशी खटपट करत होती. मी म्हणलो, "बाई, पुऱ्यात चला. मी पुढं चालतो."

ती चाक फिरवत म्हणाली, "मी तुमच्या बापाले नेलं. तुमी मले जाळलं. आता फिटलं म्हणून आले का?"

"नाही जी. फिटलं नाही."

"मंग हे चाक धरा. पंक्चर आहे."

माफी कोणी मागितली नाही, कोणी देली नाही. चाक धरलं. त्यानंतर आमी दोघं फिरलो. एका हातानं सायकल, दुसऱ्या हातानं कुत्रे हाकलत. ज्या दारायले मी कड्या घालायले शिकवलं तीच दारं मी ठोठावत होतो. पोट्टे मागून ओरडत, "मारबतीचा नवरा आला!" बाई म्हणे, "ऐकू नका भाऊ." मी म्हणो, "ऐकू द्या. मीच शिकवलेला आवाज आहे."

यमूले दुसऱ्यांदा दिवस गेले तं मी तिच्या सासरी धावत गेलो. "यमू, सुई घे. आजच घे. मी इथल्या नर्सबाईले सांगून ठेवलं."

ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवलं. "तवा नको म्हणला. आता घे म्हणतं. दादा, माह्या दंडाचा मालक कोण आहे, एकदा सांगून टाक."

तिनं सूप परत उचललं.

"तवाही मले कोणी पुसलं नाही. आताही नाही पुसलं."

सुई तिनं घेतली. माह्यासाठी नाही घेतली. बाई आली तवा मले तिनं अंगणात उभं ठेवलं अन् आतून दार लावलं. बाहेर उभा राहून मी समजलो की भाऊसाहेबात अन् माह्यात फरक किती कमी होता. त्यायनं हुकूम देला, कापून घ्या. मी हुकूम देला, टोचून घेऊ नका. अंग दुसऱ्याचंच होतं.

पुढं दिवस बदलले. भाऊसाहेब अन् वकीलसाहेब एका पक्षात आले. एका हारात दोघायचे गळे मी डोळ्यानं पाह्यले. मले नवल वाटलं नाही. लहान लेकरायसाठी नव्या लसी गावागावात येऊ लागल्या. ढिवरपुऱ्यातले कितीक लोकं अजूनही बाई दिसली की पोट्टे रानात लपवत. मी पेरलेलं होतं, ते उगवत होतं.

एका सकाळी भाऊसाहेबानं मले बोलावलं. तलावाच्या पाळीवर. तीच जागा, खुर्ची नवी. केस पिकले होते, आवाज गोड झाला होता.

"तू चांगलं काम करून राह्यला," ते म्हणाले. "पण तुमचे लोकं ऐकत नाहीत. मी उपाय सांगतो. ज्याच्या पोट्ट्याले सुई, त्यालेच जाळं. पाळीवर तू उभा राह्य अन् पोट्ट्यायचे दंड पाह्य. हप्त्याभरात पुरा पुरा टोचून होते का नाही पाह्य."

खरं सांगतो, मले ते पटलं. घडीभर पटलं. डोळ्यासमोर पदराखालचं लेकरू आलं. म्हणलं, काय वाईट आहे? जबरदस्तीनं का होईना, जगतील. हो म्हणायले तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात बाप पाण्यातून वर आला. म्हातारा झाला होता, जाळं ओढताना धापत होता. धोतर घोट्यापर्यंत, ओलं, पायाले चिकटलेलं. तो आमच्याजवळून गेला. भाऊसाहेबाकडं पाह्यलं नाही. माह्याकडंही नाही.

"नाही जी," मी म्हणलो.

"काहून?"

"लेकरं जगले पाहिजेत. पण या पाळीवर कोणी काही वर करणार नाही. धोतरही नाही अन् बाहीही नाही."

"ऐकत नाहीत ना ते!"

"मी त्यायच्या दारात जाईन. शिव्या देतील, खाईन. पण त्यायले पुसून टोचू."

भाऊसाहेबाचा गोड आवाज सरला. "अन् तोवर एखादं मेलं तं?"

"तं माह्या डोक्यावर."

"घेशील?"

"बहिणीचं एक आहे डोक्यावर. वजन ठाऊक आहे मले." मंग मी म्हणलो, "अन् जाळं कोणाचंच अडवायचं नाही. अडवलं तं माहा आवाज अजून बसला नाही, भाऊसाहेब."

पाळ उतरून मी सरळ पुऱ्यात गेलो. पह्यलंच दार एका जवान पोराचं. मारबतीच्या दिवशी तो माह्या खांद्यावर बसून ओरडला होता. आता त्याच्या कडेवर पोरगी होती. त्यानं मले पाह्यलं अन् पोरीले मागं लपवलं.

"तूच तं म्हणला होता ना, सुई घेऊ नका म्हणून?"

"हो. मीच."

"मंग आता कोणत्या तोंडानं आला?"

"त्याच."

त्यानं दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मले तो आवाज चांगला ओळखीचा होता. मी दाराले हात लावला नाही, पण गेलोही नाही; ओट्यावर बसलो. आतून पोरगी खोकलली.

"मी बसलो आहे गा इथं," मी म्हणलो. "तू उघडशील तवा सांगतो, माह्या बहिणीच्या पोराचं काय झालं. आज नाही उघडलं तं उद्या येतो."